उंबरठा काढल्यावर: गुहागर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या थोडं वर, डोंगरउतारावर आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही. माणसांना मी त्या घरात ज्या नात्याने हाक मारत होते, त्याच नात्याने इथे लिहिते आहे. मी आर्किटेक्ट आहे. माझ्याबरोबर एक फिजिओथेरपिस्ट होते, आणि ज्यांच्या हातांवर सगळं उभं राहिलं ते वाडीतलेच एक गवंडी.

घर साधारण सत्तर वर्षांचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं. पुढे खळं म्हणजे अंगण, पाच पायऱ्या, ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर. माजघराच्या एका अंगाला बाळंतिणीची खोली आणि कोठी. ओटीला काटकोनात जोडलेली लांब पडवी घराच्या बगलेने मागे जाते. न्हाणीघर मागीलदारी, संडास आणखी वीस पावलं पुढे. वर्षाला 3000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जोतं उंच बांधतात. इथे ते खळ्यापासून 75 सेंटिमीटर वर होतं.

घरात चौघं राहतात. गुरुजी, वय 74, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अर्धांगवायूच्या झटक्याने डावी बाजू गेलेली. धरून उभं केलं तर चार पावलं टाकत, एरवी व्हीलचेअर. आजी, वय 70. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. समोरचं थोडं दिसतं, पण कडेचं आणि पायाजवळचं नाही. घरचा स्वयंपाक मात्र अजून त्याच करतात. नातू चौदा वर्षांचा, स्वमग्न. मोजकं बोलतो, पाण्याची प्रचंड ओढ, मोठा आवाज सहन होत नाही. चौथी वहिनी, म्हणजे नातवाची आई. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा.

2022 च्या दिवाळीनंतर मुलाचा फोन आला. त्याने एकच गोष्ट मागितली होती: बाबांसाठी रॅम्प.

अडचण

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गुरुजींना हॉस्पिटलमधून आणून सात महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात ते तीनदाच खाली उतरले होते. तिन्ही वेळा वाडीतल्या दोघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं होतं. आयुष्यभर संध्याकाळी ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणारा माणूस माजघरातल्या खाटेवर होता. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये दहा सेंटिमीटरचा सागवानी उंबरठा होता आणि तो ओलांडायला कुणीतरी दुसरं माणूस लागे. आंघोळ खाटेवरच ओल्या फडक्याने. संडासासाठी भांडं. ते बोलायचे कमी, पण त्या भांड्याचा विषय निघाला की तोंड भिंतीकडे फिरवायचे.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच माणूस होता. दुसऱ्या भेटीत मी दिवसभर नुसती बसून राहिले, तेव्हा बाकीचं दिसू लागलं. नातू दिवसातून पाच-सहा वेळा विहिरीकडे पळे आणि वहिनी हातातलं टाकून मागे धावे. ओटीवरचा झोपाळा त्याला शांत करी, पण त्याच झोपाळ्याची कड आजींना दोनदा गुडघ्यावर लागली होती. आजी मात्र घरात इतक्या सहज फिरत की त्यांना दिसत नाही हे मी अर्धा तास विसरून गेले. त्यांना काही अडचण नाही, असं मी वहीत लिहिलं. ती नोंद पुढे महागात पडली.

पर्याय

पहिला पर्याय चिपळुणात किंवा रत्नागिरीत लिफ्ट असलेला फ्लॅट घेण्याचा. मुलाचा कल तिकडे होता. गुरुजींना सोय झाली असती, पण आजींना परक्या फ्लॅटमध्ये पहिल्यापासून घर शिकावं लागलं असतं आणि नातवाचं परसही गेलं असतं. शिवाय 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण बुडालेलं सगळ्यांना आठवत होतं. चाकाच्या खुर्चीतला माणूस घेऊन गच्चीवर जायची वेळ आली तर काय, असं वहिनीने विचारलं तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं.

दुसरा, शेजारच्या मोकळ्या जागेत खालच्या जोत्याचं छोटं स्लॅबचं घर. मला स्वतःला हा आवडला होता, कारण कोऱ्या कागदावर सगळी मापं बरोबर बसतात. पण जागा खाडीला लागून. सागरी किनारा नियमनाच्या 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे अशा जागी नवीन बांधकामाला परवानगीचा लांबचा रस्ता. जुन्या अधिकृत घराची त्याच जोत्यावर दुरुस्ती करणं त्या मानाने सोपं. आणि घर सामाईक, सातबाऱ्यावर चुलतभावांची नावं.

तिसरा पर्याय, आहे ते घर बदलण्याचा. तोच ठरला. अट एक: चुलतभावांची लेखी संमती, आणि सगळं काम जुन्या जोत्याच्या आत.

घेतलेले निर्णय

आधी चढ. केंद्र सरकारने 2021 मध्ये सुगम्यतेसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आम्ही मापांसाठी वापरली. 1 ला 12 या उताराने, म्हणजे 1 सेंटिमीटर चढायला 12 सेंटिमीटर लांबी, 75 सेंटिमीटर चढायचे तर 9 मीटर लांबी लागते. पायऱ्यांपासून तुळशीपर्यंत खळं 6 मीटर. वळवून घेतला असता तर अर्धं खळं गेलं असतं, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी याच खळ्यात नाचते. खळं मोडायचं नाही, हे घरात कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मागीलदारी जमीन आपोआप वर येते; तिथे फरक फक्त 20 सेंटिमीटर होता. अडीच मीटरच्या उतारात काम होत होतं, स्वस्तात. मी नकाशा काढून घेऊन गेले. गुरुजींनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "मागीलदारानं गुरं येतात आणि मोलकरीण येते. मी माझ्या घरात पुढून येणार." त्यांच्या या वाक्यातली जातपात-वर्गाची धार मला खुपली, ती खुपायलाच हवी. पण घरात शिरताना लपूनछपून शिरल्यासारखं वाटू नये ही त्यांची मागणी रास्त होती, आणि ती त्या मोलकरणीचीही असू शकते. मी नकाशा फाडला.

उत्तर पडवीत सापडलं. खळ्यातून घराच्या बगलेने मागे जाणारी वाट बारा मीटरमध्ये 45 सेंटिमीटर चढते, म्हणजे चालताना जाणवतही नाही इतका चढ. पडवीच्या टोकाशी उरलेला फरक 30 सेंटिमीटर. तिथे 1 ला 14 असा, 4.2 मीटरचा उतार बांधला. खुर्ची खळ्यातून निघते, बगलेने वर येते, पडवीत शिरते आणि पडवीतून थेट ओटीवर. समोरून आल्यासारखंच.

उताराला जांभा वापरायचा नाही हे गवंड्यांनी ठरवलं. जांभा पाणी पितो, त्यावर जुलैपासून शेवाळ धरतं, आणि शेवाळावर चाक काय, पाऊलही ठरत नाही. काँक्रीट ओतून ते ओलं असतानाच हिराचा खराटा आडवा ओढून रेघा काढल्या. आडवा, कारण उभ्या रेघांतून पाणी धावतं आणि चाकाला पकड मिळत नाही. कौलांच्या पागोळ्या उतारावर पडू नयेत म्हणून पन्हळ लावली.

न्हाणीघर बाळंतिणीच्या खोलीत नेलं. याच खोलीत गुरुजींचा आणि त्यांच्या चुलतभावांचा जन्म. थोरल्या चुलतभावांना हे अजिबात पटलं नाही; तीन आठवडे संमती अडली. शेवटी आजींनीच त्यांना फोन केला. त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, दुसऱ्या दिवशी सह्या आल्या.

खोलीचं माप ठरवताना एक गोष्ट फार कामी आली. कागदावर न थांबता आम्ही खळ्यात खडूने पूर्ण मापाचं न्हाणीघर काढलं आणि गुरुजींना त्यात खुर्ची वळवायला सांगितलं. दीड मीटरचं वर्तुळ पुरलं. पण कमोड मी भिंतीच्या उजवीकडे धरला होता, म्हणजे बसल्यावर भिंत आणि आधाराची दांडी त्यांच्या डाव्या हाताला. डावा हात तर चालतच नव्हता. फिजिओथेरपिस्टनी खडूच्या रेघेवर उभं राहून ते दाखवलं. सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी केली.

दांडी बसवतानाही धडा मिळाला. चिऱ्यात नेहमीचे बोल्ट मारले. मी वजन टाकून पाहिलं तर लाल भुगा गळला आणि बोल्ट हलला. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर कडक होतो, पण सच्छिद्रपणा जात नाही. ओढ घेणारा बोल्ट त्यात टिकत नाही. मग भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन माजघराच्या बाजूला लोखंडी पट्टी लावली आणि वरून फळी ठोकली. त्या फळीवर आता कॅलेंडर आहे. दांड्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या, खाऱ्या हवेत त्या जास्त टिकतात.

उंबरठा

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय मी विचार न करता घेतला, म्हणून त्याला वेगळी जागा देते.

सपाट फरशी म्हणजे सुगम घर, हे आम्ही शिकलेलो. ओटी-माजघर आणि माजघर-स्वयंपाकघर, दोन्ही उंबरठे काढून टाकले. माजघराची शहाबादी फरशी आणि पलीकडची फरशी एका पातळीत आणली. गुरुजी कितीतरी महिन्यांनी खुर्ची स्वतः लोटत ओटीवर आले. त्या संध्याकाळी वाडीतली निम्मी माणसं भेटून गेली.

चौथ्या दिवशी आजी स्वयंपाकघरातून चहाचा टोप घेऊन निघाल्या आणि माजघर संपलं हे न कळून थेट ओटीच्या कडेपर्यंत गेल्या. झोपाळ्याची कडी हाताला लागली म्हणून थांबल्या. चहा पायावर सांडला. सुदैवाने भाजलं थोडं. पुढचं पाऊल पाच पायऱ्या खाली गेलं असतं.

मी गेले तेव्हा त्या चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पायाला कायच कळत नाय आता. आधी उंबरा लागायचा, मग मी मोजायचे. सात पावलं चूल, चार पावलं देव." पन्नास वर्षं त्या घर पायांनी वाचत होत्या. त्यातले विराम आम्ही पुसून टाकले होते. त्यांना अडचण नाही असं मी ज्या वहीत लिहिलं होतं, त्याच वहीत त्या दिवशी त्यांच्या सगळ्या पावलांची मोजणी उतरवून घेतली. ती पहिल्याच भेटीत घ्यायला हवी होती.

उंबरठा परत बसवायचा का? गुरुजी म्हणाले बसवा. आजी म्हणाल्या बसवू नका. दोघं एकमेकांसाठी माघार घेत होते आणि मला त्यातलं कुठलंच नको होतं. दोन दिवस आम्ही लाकडाचे, काथ्याचे, दगडाचे तुकडे जमिनीवर ठेवून आजींना चालायला लावलं. काथ्या पायाला उत्तम कळे, पण पावसाळ्यात कुजतो आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यात अडकतात. शेवटी प्रत्येक दारात पंधरा सेंटिमीटर रुंदीची काळ्या कडाप्प्याची पट्टी फरशीच्या पातळीतच बसवली आणि तिच्यावर छिन्नीने टाचे मारून ती खरखरीत केली. चाकाला थोडी थरथर होते, अनवाणी पायाला लगेच कळते, आणि काळी असल्याने आजींच्या उरलेल्या नजरेलाही उजेडात दिसते. ओटीच्या कडेला अशा दोन पट्ट्या जवळजवळ आहेत. दोन म्हणजे थांब.

मुख्य दाराचा उंबरठा कायमचा घालवायला मात्र आजी तयार नव्हत्या. रोज त्यावर हळदकुंकू वाहतात. जुनंच लाकूड तासून बारा मिलिमीटर उंच करून परत बसवलं आणि दोन्ही बाजूंनी तिरकं केलं. तेवढं चाक चढतं.

नातवासाठी

विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. मागीलदारच्या बेड्याला, म्हणजे कुंपणातल्या फाटकाला, वरून कडी लावायचा विचार होता. मग लक्षात आलं की ती कडी गुरुजींच्या हाताला पोचणार नाही आणि अंधारात आजींना सापडणार नाही. एकाला आत ठेवण्यासाठी तिघांना कोंडल्यासारखं होईल. कडी लावली नाही. त्याऐवजी बेड्याला गुराच्या गळ्यातली घंटा बांधली. कुणी बाहेर गेलं की आजींना ऐकू येतं. आणि पाण्यापासून त्याला तोडण्याऐवजी पाणी जवळ आणलं: परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, जुनी दगडी डोण मांडून वर नळ दिला. तासन् तास तिथे असतो. विहिरीकडे धावणं पूर्ण थांबलं नाही, पण बरंच कमी झालं. झोपाळा ओटीवरून हलवून पडवीच्या रुंद भागात, जाण्यायेण्याच्या रेषेबाहेर टांगला.

उतारावरच्या छपराला खर्च वाचवायला आधी पत्रा टाकला होता. जूनच्या पहिल्या सरीत तो असा वाजला की नातू कान दाबून कोठीत जाऊन बसला आणि पुढचे दोन दिवस पडवीकडे फिरकला नाही. भर पावसात पत्रा उतरवून कौलं चढवली.

निष्पत्ती

गुरुजी रोज सकाळी न्हाणीघरात जातात. बसतं-उठतं करायला एक माणूस लागतं, पूर्वी दोन लागायची. भांडं गेलं. संध्याकाळी ओटीवर असतात, आणि वाडीतली दोन मुलं गणित विचारायला येतात. आजींचा चुलीपर्यंतचा हिशोब परत बसला आहे.

पण दोन परीक्षा आम्ही धरल्याच नव्हत्या. पडवी मी डिसेंबरमध्ये मोजली होती: 1.4 मीटर. खुर्चीला 90 सेंटिमीटर पुरतात. मे महिन्यात वहिनीने नेहमीप्रमाणे झडीसाठी बाहेरच्या बाजूने माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधली आणि आतल्या बाजूला पावसाळ्याची लाकडं रचली. उरले जेमतेम 70. जूनमध्ये गुरुजी पुन्हा माजघरात अडकले. लाकडांसाठी मागे वेगळी खोप बांधली तोवर जुलै उजाडला.

दुसरी परीक्षा गणपतीची. मुंबईहून अठरा माणसं आली. उताराच्या माथ्यावर चपलांचा ढीग, पडवीत बॅगा, आणि माजघरात मूर्तीसमोर अंथरलेल्या सतरंज्यांखाली आजींच्या सगळ्या पट्ट्या गडप. पहिल्या दिवशी दुपारी त्या देवघराच्या दाराशी बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या, कुणी विचारेपर्यंत. तेव्हा पुतणीने सतरंज्या दारापासून हातभर मागे ओढल्या आणि चपलांसाठी खळ्यात फळी टाकली. आरतीच्या झांजा सुरू झाल्या की नातू कोठीत जाई. तिथे त्याची गादी आणि एक पंखा ठेवला होता, आणि या वर्षी त्याला कुणी हाताला धरून बाहेर आणलं नाही.

न्हाणीघराच्या दाराच्या बिजागऱ्या एका पावसाळ्यात गंजल्या. दांड्यांसाठी एवढा विचार केला आणि बिजागऱ्या साध्या घेतल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पडवी पावसाळ्यात मोजायला हवी होती, निदान पावसाळ्यात इथे काय काय ठेवता असं विचारायला हवं होतं. कोकणातलं घर वर्षातून दोनदा आकार बदलतं आणि मी त्यातला एकच पाहिला. सणासुदीलाही एकदा जाऊन यायला हवं होतं. उंबरठे काढण्याआधी चार दिवस त्यांच्यावर नुसती फळी टाकून पाहिली असती तर आजींचं चुकणं फळी उचलण्याइतक्या सहज दुरुस्त झालं असतं, आणि पाय भाजला नसता. तोडफोडीआधी तात्पुरतं करून पाहणं मी आता प्रत्येक घरात करते.

नातवाचा पुढचा प्रश्न आम्ही उघडलाच नाही. चार वर्षांनी तो अठराचा होईल. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागेल, आणि सामाईक घरात त्याचा राहण्याचा हक्क चुलतभावांशी आत्ताच बोलून लिहून ठेवायला हवा. संमतीपत्र घेतलं त्याच दिवशी हे बोलणं करता आलं असतं. सगळे एका जागी होते.

आणि वहिनी. माझ्या वहीत तीन माणसांच्या गरजांची तीन पानं आहेत. तिचं पान नाही. ती सगळी उत्तरं देत होती, सगळ्यांची मापं सांगत होती, म्हणून मला ती त्या घराची व्यवस्था वाटली, त्यात राहणारं माणूस वाटलीच नाही. काम संपून सहा महिन्यांनी बिजागऱ्या बघायला गेले तेव्हा चहा देता देता ती म्हणाली, "ताई, एक विचारायचं होतं. मला दार लावून दहा मिनिटं बसता येईल अशी जागा कुठे होईल का?" झटका आल्यापासून ती माजघरात, दोन्ही खाटांच्या मध्ये, जमिनीवर झोपत होती. हाक मारली तर ऐकू यावं म्हणून.

आता कोठीचा अर्धा भाग तिच्यासाठी आखतो आहोत: खिडकी, खाट, आतून कडी, आणि गुरुजींच्या खाटेपाशी बटण असलेली घंटी, म्हणजे तिला दार लावलं तरी हाक पोचेल. कोठी नातवाचीही शांत जागा असल्याने मधली भिंत जाड चिऱ्याची घ्यायची की हलकी फळीची, यावर तिचं आणि माझं अजून ठरलेलं नाही. तिला फळी हवी आहे. भिंतीपलीकडून तो आहे हे ऐकू आलं पाहिजे, म्हणते. या वेळी खळ्यात खडूने आखणी करताना खाट कुठे, खिडकी कुठे हे ती सांगते आहे आणि मी रेघा ओढते आहे.